मैनाबाईची दुसरी काच

"काच कडेनं धर, पोरी. मधे बोट लागलं की कुणाच्या तरी तोंडावर डाग पडतो."

मी चटकन बोटं मागे घेतली आणि काच दोन्ही तळहातांच्या कडांमध्ये धरली. चंद्रभागाबाई पोरे खिडकीपाशी पाटावर बसल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. पण मी काच कशी धरते ते त्यांना उजव्या डोळ्यानं बरोबर दिसत होतं.

"आता उजेडाकडं कर. कोण हाय?"

"नवरी आहे. शालू आहे. मुंडावळ्या."

"माढ्याच्या देशपांड्यांची थोरली. फोटोच्या वेळी रडत व्हती. तिला म्हटलं, श्वास धरून ठिव, रडू आपसूक थांबतंय. पुढची काढ."

हे १९९१ सालच्या सुरुवातीचं. मी सव्वीस वर्षांची होते, इतिहासात एम. ए. झाले होते आणि सोलापुरात एका खाजगी ट्रस्टच्या छोट्या संग्रहालयात हंगामी नोकरीवर होते. दर सहा महिन्यांनी नोकरीचं पत्र नवीन मिळायचं, किंवा मिळायचं नाही. आमच्या चितळकरबाई संग्रहालयाच्या प्रमुख. जुन्या काळच्या बायकांविषयी जे काही सापडेल ते गोळा करायचा त्यांचा ध्यास होता. एका घरून आलेल्या आल्बममध्ये मला एकाच शिक्क्याचे फोटो दिसले. 'द. वि. पोरे, फोटोग्राफर, बार्शी.' सगळे बायकांचे आणि सगळे घरात, माजघरात, परसात काढलेले. शेवटच्या फोटोवर साल होतं १९४९. बार्शीत चौकशी केली तर कळलं, द. वि. पोरे १९३५ सालीच विषमज्वरानं वारले. मग पुढची चौदा वर्षं फोटो काढले कुणी?

त्यांच्या बायकोनं. शिंपी गल्लीतल्या एका खोलीत ती बाई जिवंत होती आणि तिच्या खाटेखाली लाकडी खोक्यांत साडेचारशे काचेच्या निगेटिव्ह होत्या.

"मालक गेले तवा मी बावीस वर्षांची," आक्कांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. "शिक्का त्यांचाच ठेवला. बाईच्या नावावर कोण विश्वास ठेवणार? पण घरातल्या बायकांचा फोटो काढायला बाईच लागायची. परका पुरुष आत घेत नव्हते. मग मी टांग्यात क्यामेरा घालून जायची. सोबतीला सासरा. तो ओसरीवर बसायचा, मी आत."

मी दर शनिवारी सकाळच्या एस. टी.नं बार्शीला जायचे. काचा पुसायच्या, नाव-गाव लिहून घ्यायचं, संध्याकाळी परत. आक्कांच्या शेजारच्या खोलीत त्यांचा पुतण्या नारायण राहायचा, त्याची बायको आम्हाला दुपारी भाकरी-आमटी द्यायची. तीन महिने हे चाललं. साडेचारशे काचा झाल्या आणि मला वाटलं, काम संपलं.

त्या शनिवारी आक्का म्हणाल्या, "दार लाव. आणि ती पेटी काढ."

पेटी उशाला होती. मी दर शनिवारी बघत होते, पण कपड्यांची असेल असं समजत होते. आत जुन्या पातळात गुंडाळलेल्या काचा होत्या. अकरा. प्रत्येक काच कागदी पाकिटात आणि पाकिटावर शाईनं नाव, गाव, तिथी.

त्यांनी चाचपडत एक पाकीट काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'मैनाबाई इनामदार, वय २१, फाल्गुन वद्य ५, शके १८६२.'

"ही बघायच्या आधी दुसरी बघ. मागं तू पुसलीस ती. लोडाला टेकून बसलेली, नथ घातलेली."

ती मला चांगली आठवत होती. सगळ्या साडेचारशे काचांत मला तीच सगळ्यात जास्त आवडली होती. एक तरुण बाई लोडाला टेकून बसली आहे. हातांवर फुलांची रास, मांडीवर ओटीचा नारळ. पदर गळ्याभोवती घट्ट. आणि डोळे! त्या काळच्या फोटोंमध्ये बायकांचे डोळे घाबरलेले असतात, नाहीतर थिजलेले. हिचे डोळे शांत होते. ओळखीच्या माणसाकडे बघतात तसे. मी तिचा एक प्रिंट काढून चितळकरबाईंना दाखवलाही होता. त्या बराच वेळ बघत राहिल्या होत्या.

मी ती काच काढली.

"ती मेलेली हाय," आक्का म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"तालुक्यातले मोठे इनामदार. सांगावा आला, धाकटी सून तापानं गेली, सवाष्ण गेली, आठवणीला फोटो पायजे. मी गेले तवा आंघोळ घालून बसवली व्हती. सासू शेजारी उभी. गालावर वरखडे व्हते, व्हट सुजलेला. मी म्हटलं, आत्याबाई, नथ घातली तर बरं दिसंल. ती नथ आणायला आतल्या खोलीत गेली. त्येवढ्यात मी पदर खाली केला, हातावरची फुलं बाजूला सारली आणि एक काच काढली. मेलेलं माणूस हालत न्हाई, पोरी. काच वाया जात न्हाई. मग पदर व्हता तसा केला. सासू नथ घेऊन आली. मग दुसरी काढली. ती तुला आवडती ती."

त्यांनी हातातलं पाकीट माझ्यापुढे धरलं. मी काच काढून उजेडाकडे केली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं आणि पांढऱ्याचं काळं, पण तीन महिन्यांत मला ते वाचता येऊ लागलं होतं. मी बघितलं. मग काच परत पाकिटात घातली. घालताना ती कडेला दोनदा अडकली.

"दिसलं?"

"दिसलं."

"त्यांना द्यायच्या फोटोच्या काचेवर मी तीन दिवस बसले. वरखडे पेन्सिलीनं भरून काढले. डोळे मिटलेले व्हते, ते उघडले. बुबुळं सुरीच्या टोकानं खरवडायची, पांढरं पेन्सिलीनं भरायचं. एक रेघ जादा झाली की काच गेली. जिवंत दिसती का न्हाई?"

"दिसते."

"त्याच फोटोनं माझं नाव झालं. लांबून लांबून बोलावणं यायला लागलं. पोरेबाई डोळे उघडून देत्यात म्हणून. ज्या घरात सून कशी गेली ते कुणी विचारू नये, त्या घरातून जास्त यायचं. आठ वर्षांत अशा अकरा. परत्येकीचा एक फोटो त्यांना दिला, एक काच मी झाकून ठेवली."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही, आक्का?"

"कुणाला सांगणार? मी मैनाबाईचा फोटो काढून बाहेर आले तवा फौजदार इनामदारांच्या ओसरीवर जेवायला बसला व्हता. त्याला वाढत व्हते. मी विधवा बाई, पदरात दोन लेकरं. गप घरी आले आन् पेन्सिलीला टोक केलं."

त्यांनी पेटीतलं पातळ सारखं केलं. मग म्हणाल्या, "तुमी ते प्रदर्शन का काय लावणार ना? ह्या अकरा लावायच्या. अकराच्या अकरा. नावानिशी. आणि खाली लिवायचं, हे चंद्रभागा पोरेनं पुसलं व्हतं."

"आक्का, तुम्ही जिल्ह्यातल्या पहिल्या बाई फोटोग्राफर. लोकांना कळायला हवं की तुम्ही किती मोठ्या कलावंत..."

"ते तुमचं तुमी लिवा. माझं हे लिवा. लिवशील?"

"लिहीन."

"शब्द दे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. बोटांच्या टोकांची कातडी काळपट आणि टणक होती.

पेटी मी सोलापूरला आणली आणि सोमवारी अकराही निगेटिव्हचे प्रिंट चितळकरबाईंच्या टेबलावर मांडले. त्यांनी एकेक बघितला. मधे एकदा उठून खिडकीशी गेल्या. परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"अगं शैला, हे लावायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पण नावं लावायची तर कुणीतरी रक्ताचं माणूस पाठीशी पाहिजे. उद्या ही घराणी कोर्टात जातील, ट्रस्टी माझं प्रदर्शनच बंद करतील. एकीच्या तरी माहेरचं, नाहीतर पोटचं कुणीतरी शोध. त्यांनी लेखी दिलं, की आमच्या बाईचा फोटो लावा, की मी अकराही लावते. मग ट्रस्टींना काय करायचं ते करू देत."

मी शोधू लागले. अकरापैकी नऊजणींचा मागच लागला नाही. एकीचा भाऊ सापडला, तो बोलायला तयार नव्हता. उरल्या मैनाबाई. त्यांना तीन वर्षांची मुलगी होती, कौसल्या. ती आता त्रेपन्न वर्षांची असणार. तिला कुर्डुवाडीला दिली होती.

मे महिन्यात मी कुर्डुवाडीला गेले. कौसल्याबाईंचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, स्टेशनच्या मागे दोन खोल्यांचं घर. बाई ठेंगण्या, हसतमुख. मी संग्रहालयातून आले म्हटल्यावर त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग पोहे केले. उन्हात आले म्हणून डोक्यावर ओला टॉवेल ठेवायला लावला. प्रिंट माझ्या पिशवीत होता. जाड पुठ्ठ्यात घातलेला.

"मावशी, तुमच्या आईंविषयी विचारायचं होतं."

"माझ्या आईविषयी?" त्या पोह्यांवर खोबरं घालता घालता थांबल्या. "माझ्या आईविषयी कुणी कधी विचारलं नव्हतं. या, दाखवते."

त्यांनी मला देवघरापाशी नेलं. भिंतीवर, बाळकृष्णाच्या वर, तोच फोटो होता. लोड, नथ, फुलं. फ्रेमला ताजा हार.

"तापात गेली म्हणे. मी तीन वर्षांची होते, काही आठवत नाही. एवढा फोटो तेवढा आहे. सासरी येताना हट्टानं मागून आणला." त्यांनी पदरानं काचेवरची धूळ टिपली. "बघा ना, चेहरा किती शांत आहे. मला कधीकधी वाटतं, हिला मागे राहिलेल्या पोरीची जराही काळजी दिसत नाही. एवढी कशी शांत?"

त्या हसल्या. मीही हसले.

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तिच्या बंदात बोट अडकवून बसले होते. प्रिंट काढायचा होता, पुठ्ठा उघडायचा होता, मग एकच वाक्य बोलायचं होतं. ते वाक्य मी एस. टी.त चारदा घोकलं होतं. समोर देवापुढे निरांजन होतं, उदबत्तीचा वास होता आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर आईविषयी कुणीतरी विचारतंय याचा आनंद होता. मला तिची दया आली, असं मी त्यानंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तिच्या रडण्याची वाटली, तिनं काही विचारलं तर काय सांगू याची वाटली. आणि हेही डोक्यात होतं की जूनमध्ये माझं नोकरीचं पत्र नवीन व्हायचं आहे आणि प्रदर्शनावरून भांडण पेटलं तर ते होणार नाही.

"काय विचारायचं होतं?" त्यांनी विचारलं.

"हेच. फोटो कुणी काढला ते माहीत आहे का."

"ते नाही बाई माहीत. पण ज्यानं काढला त्याला हात जोडावेत."

मी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि तीनच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या दिवशी चितळकरबाईंनी विचारलं, "भेटल्या?"

"भेटल्या."

"दाखवलास?"

"दाखवला," मी म्हणाले. "त्या नको म्हणाल्या. देवघरात फोटो आहे, तो तसाच राहू दे म्हणाल्या."

बाईंनी सुस्कारा टाकला. "त्यांची आई आहे. आपण कोण सांगणार?"

नोव्हेंबरात प्रदर्शन झालं. शंभर फोटो. आमच्या साध्या हॉलमध्ये पांढऱ्या भिंतींवर ते असे काही उठून दिसले की बघणारे एकेका फोटोपाशी खिळून राहत. दारातच समोर मैनाबाईंचा मोठा फोटो होता. तो चितळकरबाईंनीच निवडला होता, पण त्याखालची चिठ्ठी माझ्या हातची. 'घरंदाज स्त्रीचं व्यक्तिचित्र, साधारण १९४०.' पुस्तिकेतही मी लिहिलं होतं की या फोटोतल्या डोळ्यांमधला जिवंतपणा तेव्हाच्या कुठल्याही पुरुष फोटोग्राफरला साधला नव्हता.

उद्घाटनाला आक्कांना जीपमधून आणलं. नारायण आणि त्याची बायको बरोबर होते. शाल, श्रीफळ, भाषणं. आक्का खुर्चीत बसून ऐकत होत्या. कुणीतरी त्यांना माईकवर बोलायला सांगितलं, त्यांनी हात हलवून नको म्हटलं. मग त्या मला म्हणाल्या, "मला भिंतीनं ने."

मी त्यांचा दंड धरून त्यांना सगळ्या भिंतींपुढून नेलं. त्या प्रत्येक फोटोपाशी थांबून, डोळा जवळ नेऊन बघत होत्या. शंभरावा फोटो झाला.

"अकरा कुठं हायत?"

"नाही लावल्या, आक्का."

"का?"

"रक्ताच्या माणसाची परवानगी लागते. मी मैनाबाईंच्या मुलीकडे गेले होते, कौसल्याबाईंकडे. त्या नको म्हणाल्या."

"तिला काच दाखवलीस?"

त्यांचा उजवा डोळा माझ्या तोंडावर होता. आजूबाजूला लोक होते, कुणीतरी फोटो काढत होतं.

"दाखवली," मी म्हणाले.

आक्कांनी मान हलवली. "मग तिचा अधिकार. लेक हाय ती." मग म्हणाल्या, "ती पेटी मला परत आणून दे. इथं नगं."

पुढच्या शनिवारी मी पेटी बार्शीला पोचवली. अकरा काचा, अकरा पाकिटं आणि मी काढलेले प्रिंटही, सगळं त्यात होतं. माझ्याकडे काही ठेवलं नाही. ठेवायचं धाडस नव्हतं. आक्कांनी पेटी उशाला ठेवून घेतली आणि नेहमीसारखं नारायणच्या बायकोला माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितलं. त्यानंतर मी शनिवारी जायचं बंद केलं. मला जूनमध्ये कायमचं पत्र मिळालं होतं, कामं वाढली होती. असं मी नारायणला कळवलं.

आक्का पुढच्या भाद्रपदात गेल्या. मला महिन्यानं कळलं. मी गेले तेव्हा खोली रिकामी होती, खाट बाहेर काढून ठेवली होती.

"पेटी?" मी नारायणला विचारलं.

"कुठली? काचांची होय? त्या चौकातल्या फ्रेमवाल्याला देऊन टाकल्या. तुमच्याकडच्या तर तुमी नेलेल्याच होत्या. ह्या उरलेल्या कुणाला पायजे?"

मी चौकात गेले. फ्रेमवाला भला माणूस होता. त्यानं मला आत नेलं आणि घमेलं दाखवलं. "जुन्या काचेवरची ती काळी खपली सोड्याच्या गरम पाण्यात टाकली की अर्ध्या तासात निघते. काच एकदम स्वच्छ. जुनी काच चांगली असते, बुडबुडा नसतो." भिंतीवर लक्ष्मीच्या लहान तसबिरी ओळीनं टांगल्या होत्या. त्यांतल्या कुठल्या अकरा ते त्याला सांगता येईना. पाकिटं आणि कागद रद्दीत गेले होते.

मी त्याचे आभार मानले. बाहेर येऊन एस. टी. स्टँडवर बाकावर बसले आणि दोन गाड्या जाऊ दिल्या.

जानेवारीत आमचं प्रदर्शन पुण्याला गेलं. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीनं माझा लेख छापला आणि त्यासोबत मोठा फोटो घातला. अर्थात तोच. त्यानंतर दहाएक दिवसांनी दुपारी शिपाई सांगत आला, बाहेर एक बाई आल्या आहेत, तुमचं नाव घेतात.

कौसल्याबाई होत्या. हातात ती पुरवणी, चार घड्या घातलेली. या वेळी त्या हसल्या नाहीत. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली. पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही.

"ही माझी आई आहे," त्या म्हणाल्या. "खाली लिहिलंय, घरंदाज स्त्री. तुम्हाला तर नाव माहीत होतं. तुम्ही माझ्या घरी आला होतात."

"हो."

"मी हे वाचून बार्शीला गेले. म्हटलं, जिनं फोटो काढला ती बाई असली तर भेटावं. ती गेली. तिची पुतणसून भेटली. ती म्हणाली, आक्का शेवटच्या आजारात सारखं एकच म्हणायच्या, कौसानं नको म्हटलं, कौसानं नको म्हटलं. ही कौसा कोण ते तिला माहीत नव्हतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी कशाला नको म्हटलं? मला कुणी कधी काय विचारलं?"

मी त्यांना सांगितलं. पेटीचं, अकरा काचांचं, आक्कांच्या अटीचं. त्या दिवशी प्रिंट माझ्या पिशवीत होता हे सांगितलं. मी चितळकरबाईंना काय सांगितलं आणि आक्कांना काय सांगितलं तेही.

"का नाही दाखवलात?"

"तुमच्या मनात आईचं एक चित्र होतं. शांत. ते मोडू नये असं..."

"शांत!" त्या म्हणाल्या. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "तापात गेली हे बाहेरच्यांना सांगायचं. तुम्ही बाहेरच्या, म्हणून तुम्हाला सांगितलं. घरात मला काय सांगत माहीत आहे? सावत्र आई रोज म्हणायची, तुझी आई तुला टाकून विहिरीत गेली. तीन वर्षांची पोर झोपलेली, तिच्या अंगावरून ओलांडून गेली आणि उडी घेतली. आज्जी म्हणायची, आत्या म्हणायच्या. सासरी आल्यापासून मी रोज सकाळी त्या फोटोला हार घालते आणि विचारते, तुला माझं काहीच कसं वाटलं नाही? इतक्या शांत चेहऱ्यानं गेलीस? आणि तुमच्या पिशवीत..."

मला वाटलं त्या उठून जातील. गेल्या असत्या तर मला सोपं झालं असतं.

"आहे कुठं ती दुसरी काच?"

"नाही राहिली. धुतली गेली."

"आणि कागदावरचा फोटो?"

"तोही नाही."

त्या कितीतरी वेळ पुरवणीच्या घडीवरून अंगठा फिरवत बसल्या. बाहेर शाळेची सहल आली होती, मास्तर मुलांना रांगेत उभं करत होते.

"तुम्ही बघितलाय ना?" त्या म्हणाल्या. "नीट बघितलाय?"

"बघितलाय."

"मग सांगा."

"मावशी..."

"आता काही झाकू नका. होतं तसं सांगा."

मी सांगितलं. पदर खाली होता. गळ्यावर दोन्ही बाजूंना बोटांच्या खुणा होत्या, चार या अंगाला आणि अंगठ्याची एक त्या अंगाला, मोजता येतील अशा. विहिरीतल्या पाण्यानं तशा होत नाहीत. डाव्या कानाची पाळी फाटली होती. गालावर वरखडे होते, तीन, वरून खाली. वरचा ओठ सुजलेला. डोळे मिटलेले होते, पण नीट मिटले नव्हते.

त्या ऐकत होत्या. हात मांडीवर उपडे ठेवलेले.

"आणि हात?" त्यांनी विचारलं. "घरच्या फोटोत हात दिसत नाहीत. फुलं आहेत."

"मुठी होत्या. दोन्ही हातांच्या मुठी. घट्ट. आंघोळ घालतानाही कुणाला उघडता आल्या नसाव्यात. नखं तुटलेली होती. आणि उजव्या मुठीतून काहीतरी काळं बाहेर आलं होतं. केस होते. आखूड. पुरुषाचे."

कौसल्याबाईंनी स्वतःचा उजवा हात मांडीवरून उचलला आणि मूठ मिटली. तिच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे ती जायला तयार नव्हती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. खुर्ची पुढे ओढली, इतकी की त्यांचे गुडघे माझ्या टेबलाला टेकले.

"परत सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

मी उठून दार लावलं आणि परत पहिल्यापासून सांगायला लागले.